जूनचे औषध, सप्टेंबरचा रोग

२०२३च्या सप्टेंबरमध्ये वर्धा जिल्ह्यातले सोयाबीन पाहता पाहता पिवळे पडले. पोळ्याला हिरवीगार असलेली कित्येक वावरे गणपती उठेपर्यंत वाळून गेली होती. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडूनही तीच ओरड होती. पंचनाम्यांची मागणी झाली, पुढारी धुऱ्यापर्यंत आले, हातात वाळके झाड धरलेले फोटो निघाले. गावागावांत एकच नाव फिरत होते: येलो मोझॅक. झाडे उपटून पाहणाऱ्यांना मात्र एकाच पट्ट्यात पिवळा मोझॅक, मूळकूज, खोडकूज आणि शेंगांवरचा करपा असे सगळेच दिसत होते, बहुतेक ठिकाणी सरमिसळ झालेले. यातला पहिला रोग विषाणूचा. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि जगातले कोणतेही बुरशीनाशक त्याला शिवत नाही. बाकीचे बुरशीचे. एका नावाखाली चार रोग गेले की औषधही एकच मागितले जाते, आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर त्या दिवशी जे शिल्लक असेल ते मिळते. त्या पंधरवड्यात अशी पुष्कळ औषधे वावरात गेली. त्यांतली बरीचशी निरुपयोगी ठरणार हे पंप पाठीवर घेण्याआधीच ठरलेले होते.

सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद, बरबटी अशा शेंगवर्गीय पिकांवर येणारे बुरशीजन्य रोग आणि त्यांवरची बुरशीनाशके, रासायनिक तशीच नैसर्गिक, हा या पुस्तिकेचा विषय आहे. रासायनिक चांगले की नैसर्गिक, या वादाचा निकाल वाचकाला इथे मिळणार नाही. वर्ध्यात हा वाद जितका तावातावाने होतो तितका क्वचितच कुठे होत असेल, आणि त्याला कारणेही आहेत. माझ्या मते पीक वाचण्या-न वाचण्याचा प्रश्न त्याच्या अलीकडेच सुटतो किंवा फसतो. औषध कोणत्या बुरशीसाठी आहे, ती झाडाच्या कोणत्या भागात बसली आहे आणि महिना कोणता चालू आहे, ही तीन उत्तरे हातात नसतील तर महागडे मिश्रणही वाया जाते आणि दशपर्णी अर्कही.

या जिल्ह्याची आणि सोयाबीनची ओळख शेतातून झाली नाही, ती ताटातून झाली. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत होते. स्वस्त आणि पौष्टिक अन्नाच्या शोधात त्यांनी तिथल्या मंडळींच्या जेवणात सोयाबीन आणले आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले. बडोदा संस्थानात एफ. एस. काळे याच पिकाच्या मागे होते. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३६ मध्ये निघाले. मगनवाडीतल्या मंडळींना ती उसळ कितपत आवडली असेल ते असो. शेतात हे पीक पसरायला मात्र पुढे अर्धे शतक गेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते मध्य प्रदेशातून विदर्भात सरकू लागले आणि १९९४ मध्ये जबलपूरचे जेएस ३३५ हे वाण आल्यावर हिंगणघाट-समुद्रपूरपासून आर्वी-कारंज्यापर्यंत त्याने जमीन व्यापली. शंभर दिवसांच्या आत-बाहेर निघणारे, नगद पैसा देणारे, मागून हरभऱ्याला वावर मोकळे करून देणारे पीक. त्याने जागा घेतली ती मुख्यतः खरिपाच्या ज्वारीची. ज्वारी मागे पडायला डुकरे, मजुरी, भाव अशी पुष्कळ कारणे होती, पण एक कारण बुरशीचेच होते. संकरित ज्वारीची कणसे पावसात सापडली की दाणे काळे पडत आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नसे. बुरशीला कंटाळून धरलेल्या पिकात आता दुसऱ्या बुरशा जमल्या आहेत. त्याच जमिनीत वर्षामागून वर्षे तेच पीक आणि बराच काळ तेच वाणही, एवढी सोय केल्यावर त्यांनी जमू नये तर काय.

२०२३च्या प्रसंगाकडे पुन्हा जाऊ, कारण त्यात या विषयाचे सगळे धागे आहेत. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलावर आणि शेंगेवर असताना जमीन तापली, भेगाळली. आपल्या काळ्या मातीत मॅक्रोफोमिना फॅसिओलिना नावाची बुरशी कायमची मुक्कामाला असते. डोळ्यांना जेमतेम दिसतील असे तिचे काळे कण जुन्या धसकटांत आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. ती मुळात शिरते जून-जुलैतच, रोप लहान असताना. पण पाऊसपाणी ठीक असेल तोवर झाड तिला दाद देत नाही, वरून काही कळतही नाही. शेंगा भरण्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला आणि पारा चढला की ती आतल्या आत पसरते, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद पाडते, आणि आठवडाभरात झाड पाने न गाळता वाळते. ज्वारीवर याच बुरशीमुळे जो रोग येतो त्याला आपल्याकडचे जुने लोक खडखड्या म्हणत. म्हणजे ही पाहुणी नवी नाही, घर बदलून आलेली आहे.

हा रोग ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वाळत आलेले, अजून पुरते न मेलेले झाड मुळासकट उपटावे. ओढताना ते सहज हाती आले तर तीही एक खूण. जमिनीलगतच्या भागाची साल नखाने खरवडावी. आत राखाडी रंगावर काळी पूड उधळल्यासारखे बारीक ठिपके दिसले तर ही खोडकूज, इंग्रजीत जिला चारकोल रॉट म्हणतात ती. सालीखाली पूड नाही, पण बुंध्याभोवती पांढऱ्या बुरशीचे जाळे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील तर ती स्क्लेरोशियमची कॉलर रॉट. न कुजलेला काडीकचरा आणि ओल एकत्र आली की ती हमखास येते. मग चाकूने खोड उभे चिरावे. आत पोखरलेला बोगदा आणि अळी सापडली तर दोष खोडमाशीचा किंवा चक्री भुंग्याचा, आणि बुरशीनाशकाचा विचार तिथेच सोडावा. खोड, मूळ सगळे निरोगी, पानांवर मात्र हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी, तर मोझॅक. शेंगांवर काळे, खोलगट डाग आणि त्यांवर काट्यांसारखे बारीक काळे ठिपके असतील तर करपा. वावराच्या मधल्या, दाट भागात पाने एकमेकांना चिकटून जाळ्यात गुंडाळल्यासारखी सडली असतील तर रायझोक्टोनिया. पाच मिनिटांचे काम आहे. ते न करता दुकानात जाणे म्हणजे रोग्याला घरी ठेवून औषध आणायला जाणे.

आता फवाऱ्याचे. पानांवर मारलेली बहुतेक बुरशीनाशके झाडात वरच्या दिशेने चढतात, मुळाकडे उतरत नाहीत. त्यामुळे मूळ आणि बुंधा सडलेल्या झाडाला सप्टेंबरमध्ये कितीही भारी औषध मारले तरी ते सडलेल्या जागी पोचत नाही, आणि पोचले तरी मेलेली पेशी जिवंत करत नाही. करपा, रायझोक्टोनिया, पानांवरचे ठिपके यांची गोष्ट वेगळी. हे रोग वरच्या भागावर असतात आणि पहिली लक्षणे दिसताच, किंवा ढगाळ, दमट हवा टिकून राहिली तर त्याआधीच, टेब्युकोनॅझोल आणि गंधकाचे तयार मिश्रण किंवा पायराक्लोस्ट्रोबिनसारखे औषध मारले तर उपयोग होतो. सर्वसाधारण शिफारशीप्रमाणे टेब्युकोनॅझोल १० टक्के अधिक गंधक ६५ टक्के हे मिश्रण १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम. शेंगा काळ्या पडल्यावर मारलेला फवारा फक्त दुकानदाराला फळतो.

म्हणून या पुस्तिकेत सर्वांत जास्त पाने बीजप्रक्रियेला दिली आहेत. सगळ्यांना माहीत असलेली आणि फार थोड्यांनी नीट केलेली ही गोष्ट आहे. एकराला २५ ते ३० किलो बियाणे लागते. सावलीत ताडपत्री पसरायची, बी पातळ थरात टाकायचे, कार्बोक्सिन आणि थायरमचे मिश्रण किलोला ३ ग्रॅम या हिशोबाने घ्यायचे, अगदी थोड्या पाण्यात कालवून बियाण्यावर शिंपडायचे आणि दोन माणसांनी ताडपत्रीची टोके धरून ते इकडून तिकडे घोळवायचे. हाताने चोळायचे नाही. सोयाबीनची साल गव्हा-ज्वारीसारखी दणकट नसते. ओली असताना चोळली की ती सुटते आणि साल सुटलेला दाणा उगवत नाही. मग उगवण कमी झाली की खापर औषधावर फुटते. रंग सगळ्या दाण्यांवर सारखा चढला की सावलीत सुकवायचे. कीटकनाशक लावायचे असेल तर त्यानंतर, आणि रायझोबियम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू सगळ्यांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर. हा क्रम उलटा केला तर आपणच आणलेले जिवाणू आपल्याच औषधाने मरतात. हातमोजे हवेत, तंबाखू खिशात हवा. उरलेले बी कोंबड्यांपुढे टाकू नये आणि दळायला तर मुळीच नेऊ नये.

अडचण अशी की हे काम ज्या दिवशी करायचे त्या दिवशी घरात कोणालाच उसंत नसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा असे शास्त्र सांगते, पण आभाळ भरून आले, ट्रॅक्टरवाला शेजारच्या वावरात उभा आहे, आणि दोन तासांनी तो दुसऱ्या गावाला जाणार आहे. तेव्हा पिशवी फोडून थेट पेटीत ओतली जाते. औषधाची पुडी घरातच राहते. आळस म्हणून याची संभावना करणाऱ्यांनी एकदा जूनच्या त्या आठवड्यात देवळी-पुलगावच्या बाजूला फिरून यावे. उपाय एवढाच की बुरशीनाशकाची प्रक्रिया पेरणीच्या काही दिवस आधी, सवडीने करून ठेवता येते; जिवाणूंची तेवढी त्या दिवशी करावी. ही साधी सोय अनेकांना कोणी सांगितलेलीच नाही.

ट्रायकोडर्मा ही नैसर्गिक बाजूची सर्वात भक्कम गोष्ट. तीही बुरशीच आहे, पण दुसऱ्या बुरशांवर जगणारी. रोगकारक बुरशीच्या धाग्याभोवती ती आपला धागा गुंडाळते, त्याची भिंत विरघळवते आणि आतले खाऊन टाकते. हा प्रकार वाइंडलिंग या संशोधकाने १९३२ मध्ये रायझोक्टोनियावर दाखवून दिला. सोयाबीनला किलोमागे ८ ते १० ग्रॅम, आणि जमिनीसाठी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल राखून, काही दिवस वाढू देऊन मग वावरात. शेणखत नाही आणि ओल नाही अशा उघड्या जमिनीत भुरभुरलेला ट्रायकोडर्मा उपाशी मरतो. कार्बेन्डाझिमसोबत एकाच बियाण्यावर लावला तरी मरतो. आणि पत्र्याच्या दुकानात वर्ध्याचा मे महिना काढलेल्या पाकिटात तो किती जिवंत राहिला असेल हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाकिटावर ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू असल्याचे लिहिलेले असते; लिहिले ते कारखान्यातून निघतानाचे. तारीख पाहावी, आणि शक्य असेल तर सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चौकशी करून ताजे घ्यावे. ‘ट्रायकोडर्मा वापरून पाहिला, काही झाले नाही’ या तक्रारीमागे माझ्या समजुतीने बहुतेक वेळा मेलेला ट्रायकोडर्मा असतो.

नैसर्गिक उपायांना या जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. गोपुरीतली चेतना विकास, धरामित्र या संस्थांनी विषमुक्त शेतीचे काम ती फॅशन होण्याच्या कितीतरी आधी धरले. शेजारच्या अमरावतीचे सुभाष पाळेकर यांनी बीजामृत, जीवामृत घरोघर पोचवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बीजामृतात देशी गाईचे शेण, गोमूत्र, चुना आणि मूठभर माती असते. त्याने बियाण्याभोवती उपयुक्त जिवाणूंची वस्ती होते असे ते वापरणारे सांगतात, आणि घरचे बी स्वच्छ असेल तर त्यावर ते लावणे वाजवीही आहे. सोयाबीनला मात्र ते हलकेच शिंपडावे. बुडवून ठेवले तर सालीचा तोच घोटाळा होतो. आंबट ताक, कडुनिंबाचा अर्क, गंधक हे सगळे मूग, उडीद, वाटाण्यावरच्या भुरीवर बऱ्यापैकी चालतात. याचे कारण भुरी पानाच्या वर वाढते, उघड्यावर असते. ब्राझीलमध्ये १९९९ साली पातळ केलेल्या दुधाच्या फवाऱ्याने काकडीच्या कुळातल्या भाजीपिकावरची भुरी आटोक्यात आल्याचे प्रसिद्ध झाले, तेही याच तत्त्वावर. तुरीच्या लाकडात शिरलेल्या बुरशीला ताक काय करणार? भुरीवरचा अनुभव मर रोगाला लावला जातो, आणि मग नैसर्गिक शेती बदनाम होते. तिचे सर्वात मोठे शत्रू मला कधी कधी तिचे प्रचारकच वाटतात.

दुसऱ्या बाजूचा हटवादही कमी नाही. नैसर्गिक आणि रासायनिक यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी सरळ उभी नाही. बोर्डो मिश्रणाची कहाणी पाहा. फ्रान्सच्या मेदोक भागात १८८२ मध्ये मिलार्दे या प्राध्यापकांना दिसले की रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना रोग नाही. चोरांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मालकाने त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्यातून १८८५ मध्ये जगातले पहिले मोठे बुरशीनाशक आले. मोरचूद हे उघड उघड रसायन, तांबे हा जड धातू, तरी सेंद्रिय प्रमाणीकरणात मर्यादेत चालतो. एक टक्का मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे, धातूच्या नव्हे अशा भांड्यात विरघळवून मग एकत्र. त्यात लोखंडी विळा बुडवून काढायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. आता उलट उदाहरण. आज हिंगणघाटच्या दुकानात मिळणारे पायराक्लोस्ट्रोबिन ज्या घराण्याचे आहे त्याचा मूळपुरुष पाइनच्या गळून पडलेल्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्या अळिंबीत सापडला. दुसऱ्या बुरशांना दूर ठेवण्यासाठी ती अळिंबी जे द्रव्य बनवते ते १९७७ मध्ये जर्मनीतल्या आंके आणि श्टेग्लिश यांनी वेगळे केले. उन्हात ते लवकर नासते म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्यात फेरफार केला आणि १९९६ पासून ही औषधे बाजारात आली. आता यातले नैसर्गिक कोणते?

या नव्या घराण्याचा एक दुबळेपणा लक्षात ठेवावा. ही औषधे बुरशीच्या शरीरातल्या एकाच नेमक्या जागी मारा करतात. बुरशीने तेवढी एक जागा बदलली की औषध बोथट. तांबे, गंधक, थायरम ही जुनी मंडळी चहूबाजूंनी हल्ला करतात, म्हणून इतक्या वर्षांनीही त्यांची धार फारशी गेलेली नाही. एका हंगामात एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारू नये, हा नियम तिथून आला.

आणि पंपात पाच गोष्टी एकत्र करू नयेत. बुरशीनाशक, दोन कीटकनाशके, विद्राव्य खत आणि वरून कोणते तरी टॉनिक अशी खिचडी आपल्याकडे सर्रास होते. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये पऱ्हाटीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे विषबाधेने गेली. ती कीटकनाशके होती, पण पंप तोच, माणूस तोच, उंच वाढलेल्या पिकात उलट्या वाऱ्याने अंगावर येणारा तुषारही तोच. फवारणारा बहुधा मजूर असतो, ज्याला डब्यात काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा एवढे तरी त्याला दाखवायला हवे. लाल सर्वांत जहाल.

तूर आणि हरभऱ्याबाबत औषधापेक्षा वाणाने आणि पीकफेराने जास्त काम केले आहे. तुरीची मर घडवणारी बुरशी पुसा येथील संस्थेत ई. जे. बटलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखली; फ्युजेरियम उडम हे तिचे नाव १९१० पासूनचे. बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट-तपकिरी पट्टा आणि चिरल्यावर लाकडात काळ्या रेघा ही तिची खूण. उभ्या पिकात तिला आवर घालणारे औषध आजही नाही. मात्र ज्वारीच्या तासांमध्ये तूर घेतली तर मर कमी येते हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या प्रयोगांत दिसले, आणि आपल्याकडचे जुने शेतकरी ज्वारीत तूर घेतच होते. आशा, बीएसएमआर ७३६ ही वाणे मर सोसतात. हरभऱ्यात जॅकी ९२१८ने विदर्भात तेच केले. उन्हाळ्यात नांगरट करून जमीन उघडी तापू देणे हाही एक बुरशीनाशकच, आणि ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या वर्ध्याच्या उन्हात तो फुकट मिळतो.

पीकफेर सांगणे सोपे आहे. वावर ठेक्याने एका वर्षासाठी घेतलेल्या माणसाला तिसऱ्या वर्षी ज्वारी घे असे सांगणे निरर्थक आहे. पुढच्या वर्षी ती जमीन त्याच्याकडे असेलच असे नाही. शिवाय मॅक्रोफोमिना ज्वारी, कपाशी, तीळ, हरभरा अशा पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगते, त्यामुळे तिच्यापुढे नुसता फेरपालट अपुरा पडतो. रुंद वरंबा-सरीवर पेरून पावसाचे पाणी मुरवणे आणि खंडाच्या काळात एखादे संरक्षित ओलित मिळवणे हेच तिथे जास्त उपयोगी. विहिरीला पाणी असेल तर. या अडचणी पुस्तिकेत झाकलेल्या नाहीत, आणि जिथे उपाय थोड्यांच्याच आवाक्यातला आहे तिथे तसे लिहिले आहे.

प्रकरणांची मांडणी रोगांच्या अकारविल्हे यादीऐवजी महिन्यांप्रमाणे केली आहे: मे-जूनमध्ये उगवणशक्ती, वाण आणि बीजप्रक्रिया, जुलैत निचरा, ऑगस्टमध्ये निरीक्षण आणि फवारणी, सोंगणीच्या वेळी पुढच्या वर्षीचे बी कोणत्या तुकड्यातून राखायचे याचा निर्णय. करपा बियाण्यातून पुढे जातो, त्यामुळे डागाळलेल्या शेंगांच्या वावरातले बी घरी ठेवू नये. मात्रा सर्वत्र किलोला ग्रॅम किंवा १० लिटरला ग्रॅम अशा दिल्या आहेत. आपला पंप १५ किंवा १६ लिटरचा असेल तर तेवढा गुणाकार करून घ्यावा. शिफारशी बदलतात, काही औषधांची नोंदणी रद्दही होते, म्हणून पुस्तिका आणि डब्यावरचे लेबल यांत फरक दिसला तर लेबल खरे मानावे आणि कृषी सहायकाला विचारावे.